पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे

डिलू, चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे आणि त्यात पोरांनी तुझ्या हातात गिटार चिकटवली आहे. जन्मात कधी गिटार धरली नाहीस तू. मी म्हटलं, अरे, कीबोर्ड वाजवायची ती, गिटार काऊन लावली? तर म्हणतात, "भाऊ, कीबोर्ड आडवा येऊन राहिला होता, बसतच नव्हता." खाली लिहिलं आहे, 'आपल्या परिसराची गानकोकिळा'. तू असतीस तर शिडी लावून चढली असतीस आणि ब्लेडनं तेवढी ओळ कापून घरी आणली असतीस. मी नुसता पाहत उभा राहिलो आणि परत आलो. आजकाल कोणाशी भांडायला उठलो की आधी तू आठवतेस आणि मग बाकीच्यांशी भांडण्यात काही रसच राहत नाही.

काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुणे गेले, मंडपवाला खुर्च्या मोजून टेम्पोत टाकून राहिला होता, तेव्हाच ठरवलं की आपलं अर्धं राहिलेलं भांडण पुरं करायचं. तुझी बाजू मला पाठ आहे, मोठ्यानं बोलायचीस तू. माझी बाजू ऐकायच्या आधीच चपला घालून निघून गेलीस. सतरा दिवस बोलली नाहीस. मग चार दिवस ताप आणि मग संपलंच. हे काय वागणं झालं? भांडण टाकून असं कोणी जातं का?

तू पहिल्यांदा माझ्या गिरणीत आलीस तो दिवस मला चांगला आठवतो, कारण सोबत धान नव्हतं. धानगिरणीत रिकाम्या हातानं कोणी येत नाही. तुझ्या पाठीवर चादरीत बांधलेला कीबोर्ड होता. वरातीपुढं ट्रकवर चढून वाजवतात ती धुमाल पार्टी आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, ताशे, बँजो आणि माणसाच्या उंचीचे भोंगे. पण त्या ट्रकवर कीबोर्ड वाजवणारी पोरगी देवरीपासून चिचगडपर्यंत तू एकटीच होतीस. पार्टी मोडली आणि कीबोर्ड तुझ्याकडे राहिला. मीही तरुणपणी धुमालात बँजो वाजवला होता, हे तुला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

"शालिकभाऊ, तुह्या मागच्या खोलीत कोंड्याची पोती आहेत ना? मले ती खोली पाहिजे."

"कोंडा पाहिजे की खोली?"

"दोन्ही. पोती हलवू नोको. ती आवाज खातात."

अशी ती खोली तुझी झाली. भिंतीला लागून छतापर्यंत कोंड्याची पोती, दारावर तुझ्या आईची जुनी गोधडी, मधे टेबलावर कीबोर्ड, माझा लॅपटॉप आणि एक माइक. मी विचारलं, तू जे करून राहिली त्याला म्हणतात काय? "सिंथ-पॉप," म्हणालीस. म्हणजे का? तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "लोकाईनं नाचलं पाहिजे आणि घरी गेल्यावर रडलं पाहिजे." मी म्हटलं, आमच्या धुमालात तर उलटं होतं, आधी नवरीकडचे रडायचे. खूप हसलीस तू. कोंड्याची धूळ नाकात गेली आणि मग पाच मिनिटं शिंकत बसलीस.

नऊ गाण्यांचा अल्बम. पहिला. पहिला हा शब्द तू फार जपून उच्चारायचीस, जणू दुसरा, तिसरा रांगेत उभेच होते. गोंदियातल्या तुझ्या मैत्रिणी म्हणाल्या, हिंदीत गा, कोण ऐकेल हे? मीही तेच म्हटलं, कबूल आहे. नाव बदल असंही म्हटलं. डिलेश्वरी हे नाव गोंदियाच्या पुढं कोणाला म्हणता येणार नाही. "मंग गोंदियाच्या पुढच्याईनं शिकावं," म्हणालीस. आणि गायलीस आपल्याच बोलीत. ते 'टॉवर' गाणं, टेकडीवरच्या पळसाखाली एकच कांडी नेटवर्क येतं आणि तिथं उभी राहून पोरगी फोन लावून राहते, समोरचा उचलत नाही. 'मी थांबून राहिली, पळस झडून राहिला', एवढीच ओळ सहा वेळा, आणि खालून तुझा तो ठोका. मी चाळीशी ओलांडलेला माणूस, मला घरी जाऊन खरंच रडायला आलं. हे तुला सांगितलं नाही. तू डोक्यावर बसली असतीस.

आता मुद्द्यावर येतो.

सुरुवातीला आपण गिरणी बंद असली की रेकॉर्ड करायचो. तुला पसंत पडेना. म्हणायचीस, गाणं मेल्यासारखं वाटते. मग एकदा भर सुगीत, बाहेर धानाच्या पोत्यांची लाइन लागलेली, मोटर चालू, भिंत थरथरून राहिलेली, आणि तू आत बसून कीबोर्डवर एकेक पट्टी दाबून पाहत होतीस. मी डोकावलो तर बोटानं गप्प केलंस. "भाऊ, तुही गिरनी सुरात आहे." मी म्हटलं, वेड लागलं का. "ऐक ना गा. पांढरी पाच आणि काळी चार, दोन्हीच्या मधे. तिथंच बसली आहे." मग त्या कीबोर्डच्या पोटातलं कुठलं तरी सेटिंग उघडून तू सगळा कीबोर्ड थोडा वर सरकवलास, गिरणीच्या सुराला आणून जुळवलास, आणि तो तुझा सा झाला. रिकामी चालली की गिरणीचा आवाज वर चढतो, धान पडलं की खाली बसतो, हे मला वीस वर्षं माहीत होतं. पण मला ते पट्टा सैल आहे की घट्ट एवढंच सांगायचं. तू त्याचा तानपुरा केलास. नऊच्या नऊ गाणी भरल्या गिरणीत गायलीस. बाहेर लोकांचं धान कांडलं जाऊन राहिलं होतं आणि आत तुझा अल्बम. काही बायका तर मुद्दाम विचारायच्या, डिलू आत आहे का, मग एकसारखं भरून टाकतो धान.

आणि मी काय केलं?

नागपूरचा तो माणूस, जो ॲपवर गाणी टाकून देतो, त्याला आपण दोन गाणी फोनवरच ऐकवली होती. त्याचा मला फोन आला. तू तेव्हा बालाघाटकडे कोणाच्या लग्नात वाजवायला गेली होतीस. म्हणाला, "शालिकजी, लडकी अच्छी है, पण मागं घरघर येते. साफ करून पाठवा, नाहीतर लोक म्हणतील चक्कीमध्ये बनवलं." तो हसला. मीही हसलो, आणि फोन ठेवल्यावर कान गरम झाले माझे. चक्की. माझ्या बापाची आणि माझी सगळी जिंदगी त्या चक्कीत गेली आणि कोणी तरी नागपुरात बसून त्यावर हसतो. मला वाटलं, डिलूवर असं कोणी हसू नये.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलो. ज्यात शब्द नाही असा दोन सेकंदांचा तुकडा निवडायचा, कॉम्प्युटरला दाखवायचा, की मग तो तेवढा आवाज सगळ्या गाण्यातून पुसून काढतो. दोन दिवस बसलो. नऊही गाणी धुऊन काढली. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून जुन्या फायली उडवल्या. पक्क्या उडवल्या, डिलू, कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. काम नीट केल्याचा केवढा आनंद झाला होता मला. तू येशील, ऐकशील, म्हणशील, वा भाऊ. गाढव होतो मी.

तू आलीस, पोत्यावर बसलीस, हेडफोन लावलास. मी समोर उभा होतो, बक्षीस वाटपाला उभा राहतो तसा. पहिलं गाणं अर्धं झालं आणि तू हेडफोन काढून हातात धरलास.

"भाऊ, सा कुठं गेला?"

मला कळलंच नाही काय विचारून राहिलीस. मग तू समजावलंस, अगदी हळू आवाजात, तू हळू बोललीस की मला भीती वाटायची. घरघर जिथं होती तिथंच तुझा सा होता. तूच तो तिथं नेऊन ठेवला होतास. कॉम्प्युटरला काय कळते, त्यानं दोन्ही पुसले. गाण्याचे पायच कापले गेले होते. 'थांबून राहिली' मधला 'ली' संपायच्या आधीच विरून जायचा.

त्या वेळी मी म्हणायला पाहिजे होतं, चुकलं माझं. दोन शब्द होते. पण मी म्हटलं, "दोन दिवस डोळे फोडले मी, आणि तुले त्याचं काहीच नाही? लोक हसतील तुह्यावर, गिरनीत बनवलं म्हणतील."

"बनवलंच ना गिरनीत."

"तेच तर म्हनून राहिलो."

"भाऊ, लोकाईचं नाव घेऊ नोको. लाज तुलेच वाटते तुह्या गिरनीची."

आणि चपला घातल्यास.

माझी बाजू काय, ते आता ऐक. माझी बाजू काहीच नाही. हे कळायला मला सतरा दिवस पुरले नाहीत. मी रोज दाराकडे पाहायचो आणि मनात म्हणायचो, लहान आहे ती, तिनं यावं, मीच काऊन जाऊ. ताप आला हे कळलं तेव्हाही म्हटलं, बरी झाली की येईलच भांडायला. तिसऱ्या दिवशी गोंदियाला नेलं म्हणाले, तरी मी मोटरचं ग्रीसिंग करत बसलो होतो. ग्रीसिंग. चौथ्या दिवशी निघालो आणि अर्ध्या वाटेत फोन आला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बराच वेळ तिथंच बसलो. पुढं जाऊन तुझ्या आईला काय तोंड दाखवणार होतो, ते कळत नव्हतं.

पण तुझ्यावरही माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. एक कॉपी ठेवता येत नव्हती तुला? किती वेळा म्हटलं होतं, पेनड्राइव्हवर घेऊन ठेव. तुझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला तो निळा पेनड्राइव्ह होता, तुझ्या आईनं मला दिला. मी तो लगेच लावला. त्यात तीन पिक्चर आणि कोणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ निघाला, त्यात तू ट्रकवर उभी राहून च्युइंगम चघळत कीबोर्ड बडवून राहिली आहेस. तेवढंच. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि लॅपटॉप आपटून बंद केला.

नागपूरच्या माणसाचा फोन सातव्या दिवशी आला. फार दुःख झालं म्हणाला. मग म्हणाला, "शालिकजी, आताच टाकून देऊ. आत्ता लोक ऐकतील. साफ केलेला माल तुमच्याकडे आहेच ना?" त्याला शिव्या देता आल्या असत्या, पण तो खोटं काही बोलत नव्हता. माल माझ्याकडे होता. साफ केलेला, सा नसलेला, तुला नको असलेला. तोच टाकला तर जगात डिलेश्वरी म्हणून कायमचा तोच राहणार, आणि नाही टाकला तर तू काही केलंच नाहीस असं होणार. चार वर्षं तू त्या खोलीत घालवलीस. मी म्हटलं, थोडा वेळ द्या. गिरणी मी बंदच ठेवली होती. लोक दुसऱ्या गावी धान नेऊन राहिले होते. मला ती घरघर कानावर येऊ द्यायची नव्हती.

अकराव्या दिवशी तुझी आई आली. बैलबंडीत धानाची दोन पोती. मी ओट्यावर बसलो होतो, उठायलाही विसरलो.

"उघड गा शालिक."

"काकू, बंद आहे."

"बंद ठेवून का करशील? तेरवीले तांदूळ पाहिजे. तिच्याच बांधीतलं धान आहे, तिनंच रोवलं होतं औंदा. मी दुसऱ्याच्या गिरनीत नेऊ का हे?"

मी कुलूप काढलं. पट्टा चढवला. काकू पदर खोचून धानाच्या पोत्याजवळ उभ्या राहिल्या आणि सहज म्हणाल्या, "मी वावरात राहो ना, तर गिरनी सुरू झाली की समजे मले, डिलू गाऊन राहिली. गानं काई ऐकू येत नोयतं तिथंवर. गिरनीच ऐको मी."

ऐकलंस का, डिलू? तुझी आई चार वर्षं तुझा अल्बम ऐकत होती, आणि तिनं ऐकलेला तेवढाच भाग मी पुसून टाकला होता.

मागच्या खोलीत गेलो. कीबोर्ड तू ठेवला होतास तसाच होता. सुरू केला. भीती होती की सेटिंग उडालं असेल, तसा तो जुना आहे. तुझ्या सा च्या पट्टीवर किलोचं माप ठेवून ती दाबून ठेवली, गोधडी अर्धी बाजूला केली म्हणजे सूर बाहेर यावा, माइक तुझ्या जागी लावला, लॅपटॉपवर लाल बटन दाबलं. मग बाहेर येऊन मोटर सुरू केली.

जुळेना. गिरणी वर, तुझा सा खाली, आणि दोन्ही एकमेकांवर आपटून हवेत वाँव वाँव करून राहिले. इतके दिवस बंद होती, पट्टा बिघडला असेल, मोटर बिघडली असेल, सगळंच गेलं असेल. मग दिसलं, काकू जपून ओंजळी ओंजळीनं धान टाकून राहिल्या होत्या. तुझं शेवटचं धान, म्हणून.

"काकू, जास्त टाका."

"सांडल गा."

"सांडू द्या. भरून टाका."

त्यांनी टोपलं उचललं आणि ओतलं. गिरणी जड झाली, खाली बसत आली. वाँव वाँव हळू झालं. अजून हळू. मी म्हटलं, अजून काकू, अजून. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्या ओतत राहिल्या, आणि एका क्षणी ते हेलकावे थांबले. एकच सूर. कुठला कीबोर्ड आणि कुठली गिरणी ते वेगळं ओळखू येईना. पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे, जिथं तू ती बसवली होतीस, तिथंच. मी आत पळत जाऊन माप उचललं, कीबोर्ड बंद केला, फक्त गिरणी राहू दिली. दोन पोती सरायला तुझ्या नऊ गाण्यांएवढाच वेळ लागला, वर थोडा. काकूंनी एकदाही हात ढिला पडू दिला नाही. त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर कोंडा बसला होता आणि गालांवरून पाण्याच्या दोन वाटा त्यातून खाली आल्या होत्या. मीही तसाच रडून राहिलो होतो. भरल्या गिरणीत कोणाला ऐकू जाते.

ती घरघर मी तुझ्या गाण्यांच्या खाली ठेवली. डिलू, पाय आले. सगळं आलं असं म्हणणार नाही. 'राहिली' मधला 'ली' अजून लवकर विरतो, तुझा श्वास दोन-तीन जागी खाल्ला गेला आहे आणि तो मी कुठून आणू? ते माझ्या नावावर राहील. नवव्या गाण्याच्या शेवटी धान संपतं, गिरणी वर चढते आणि तुझी आई म्हणते, "सरलं गा. बंद कर." ते कापायला बोट ठेवलं होतं. मग काढून घेतलं. या हाताला आता कापायची मनाई आहे. तुला पटत नसेल तर ये आणि भांड. नाही येणार तू, हे माहीत आहे, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

काल सकाळी, तुझ्या तेरवीचा भात चुलीवर चढला तेव्हा, मी फायली नागपूरला पाठवल्या. अर्ध्या तासात फोन.

"शालिकजी, ये क्या भेजा? ती घरघर परत आली की. आणि शेवटी कोण बाई बोलून राहिली?"

"तिची आई आहे. राहू द्या."

"अहो, पण लोक काय म्हणतील? हे चक्कीत रेकॉर्ड केलं का?"

मागं तांदळाला उकळी आली होती. तुझी आई झाकण सरकवून पाहत होती.

"हो," मी म्हटलं. "माझी चक्की आहे. तिथंच गायली ती."